न वाजणारा कागद

४ फेब्रुवारी

आज ठरलं. संगीताचं मासिक काढायचं. मी, तबकडीवाला आणि भाची. तबकडीवाला हा माझा शाळेपासूनचा मित्र, जुन्या रेकॉर्डचं दुकान चालवतो. भाची म्हणजे ताईची मुलगी. ती जाहिरात कंपनीत शांपूच्या बाटल्यांवरची चित्रं करते आणि त्या शांपूला आता विटली आहे. ताईही तिथे होतीच, कारण बैठक स्वयंपाकघरात झाली. घरात मोठं टेबल तेवढं एकच.

पुढे कोणी विचारलं की हे मासिक उभं कसं राहिलं, तर लिहिलेलं हाताशी असावं, म्हणून ही डायरी.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, वाचणारा मीच. आयुष्यभर मी पंप आणि नळ या विषयाला वाहिलेल्या एका मासिकात प्रुफं तपासली. पंपांवर लिहिणारे, पंपांच्या जाहिराती देणारे, पंपांच्या प्रदर्शनाची फीत कापणारे, सगळ्यांची नावं मी काना-मात्रा-वेलांटीसकट बिनचूक छापून घेतली. म्हणून तबकडीवाला मला कानामात्रा म्हणतो. माझं नाव मात्र त्या मासिकात कधी आलं नाही. निवृत्त झालो तेव्हा बातमी आली, तीही 'आमचे एक ज्येष्ठ सहकारी' अशी. आता मला एक ओळ हवी आहे. 'संपादक', आणि त्यापुढे मी. बस.

हे मी ताईला बोललो नव्हतो, पण धाकट्या भावाच्या पोटातलं तिला कसं कळतं देव जाणे. म्हणाली, "छोट्या, तुझं नाव छापायला अख्खं मासिक कशाला? व्हिजिटिंग कार्ड काढ की." तबकडीवाला चहा सांडेपर्यंत हसला.

भावोजी गेल्यापासून ताई आणि मी एकत्र राहतो. निवृत्त होईपर्यंत ती इथल्या मोठ्या संगीत सभागृहाच्या तिकीटखिडकीत बसायची. आता तिकिटं फोनवर मिळतात, खिडकीला फळी ठोकली आहे. तिथले व्यवस्थापक अजून तिला मानतात. मेच्या पहिल्या शनिवारी सभागृहाचा नवा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी अंक तयार असेल आणि बरा असेल तर दाराशी ठेवू देतो म्हणाले. बरा नसेल तर? "तर मग पंप," तबकडीवाला म्हणाला.

११ फेब्रुवारी

पहिली खरी बैठक. विषय, मासिक कुठल्या संगीताचं.

मी तयारीनिशी बसलो होतो. माझं म्हणणं, शास्त्रीय आणि फक्त शास्त्रीय. भारदस्त, तळटीपांसकट. पहिल्या अंकात वाद्यं जुळवण्याच्या पद्धतींचा इतिहास, जो मीच लिहीन. तबकडीवाल्याचं म्हणणं, सगळंच घ्या. शास्त्रीय, सिनेमाची गाणी, बँड, पोराटोरांचा धांगडधिंगा, सगळं. "माझ्या दुकानात शिरायला मी कुणाला कधी अट घातली नाही." यावर आमचं बरंच वाजलं. शेवटी भाची म्हणाली, "मामा, प्रकार राहू दे. आधी वाचणार कोण ते सांग." तबकडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी तबकडीवाल्याकडे.

ताई मटार सोलत होती. खाली बघूनच म्हणाली, "खिडकीशी येणारा दर दुसरा माणूस मला एकच विचारायचा. 'मला यातलं काही कळत नाही हो, पण मला आवडेल का?' ही रचना कुठल्या शतकातली, असं एकानेही विचारलं नाही कधी. ज्यांना कळतं त्यांच्यासाठी जाडजूड पुस्तकं आहेत. या बिचाऱ्यांना कोण आहे? मी होते, तर ती खिडकी पण बंद झाली."

मग बराच वेळ सगळेच मटार सोलत होते.

शेवटी मी विचारपूर्वक निर्णय दिला. मासिक एका प्रकारच्या संगीताचं नाही, ऐकणाऱ्याचं. ज्याला कळत नाही पण आवडतं, त्याचं. संगीत कुठलंही चालेल, मात्र लेख वाचून माणसाला ते ऐकावंसं वाटलं पाहिजे. सगळ्यांनी एकमताने मान्य केलं. ताईसुद्धा साधारण तसंच काहीतरी म्हणत होती, त्यामुळे तिचा विरोध नव्हताच. वाद्यं जुळवण्याचा इतिहास तूर्त बाजूला ठेवला आहे. तळटीपाही.

२० फेब्रुवारी

नाव ठरेना. माझी नावं: नादविमर्श, स्वरसमीक्षण, श्रुतिसंशोधन. तबकडीवाल्याचं: मस्त गाणी. भाचीने नुसता एक गोल काढून आणला. नाव नाही, गोल. म्हणे लोक ओळखतील. मी म्हटलं, शांपू म्हणून ओळखतील.

ताईने माझी नावं एकदा मोठ्याने म्हणून पाहिली. "समज, नादविमर्श मागायला माणूस खिडकीशी आला. मागे रांग, कडेवर पोर रडतंय. मला तीनदा 'काय?' म्हणावं लागेल. चौथ्यांदा तो म्हणेल, राहू द्या. नाव असं हवं की पहिल्यांदा मागतानासुद्धा माणसाला लाज वाटता कामा नये."

श्रुतिसंशोधन मला अजूनही आवडतं. पण मघाशी आरशासमोर भरभर म्हणून पाहिलं, तर जीभ दोनदा अडखळली.

२५ फेब्रुवारी

काल ताईबरोबर सभागृहात गेलो. जुनी कर्मचारी म्हणून तिला दोन जागा फुकट मिळतात. पुढच्याही मिळतील, पण ती शेवटच्या रांगेतल्याच घेते. दिवे मंद व्हायच्या आधी तिने पर्समधून लिंबाच्या गोळ्या काढल्या, एकेकीचा कागद सोडला आणि गोळ्या रुमालात गुंडाळून ठेवल्या. एक मला दिली. "आत्ताच सोडून ठेवायच्या. मध्येच सोडल्या की कागद वाजतो आणि अख्खी रांग डोळे वटारते."

येताना चालत आलो. ती म्हणाली, "पुढे बसतात ते दिसायला बसतात, मागे बसतात ते ऐकायला. मागचे आधी येतात, शेवटी जातात आणि जाताना जिन्यात गुणगुणतात. मागच्या रांगेतलं एक द्या, असं म्हणणाऱ्याला मी कधी परत पाठवलं नाही. काहीतरी करून बसवायचेच."

आज सकाळी दाढी करताना मला एकदम नाव सुचलं. मागची रांग! गालावर साबण तसाच घेऊन स्वयंपाकघरात धावलो. ताईने ऐकलं, पातेल्याखालचा गॅस बारीक केला आणि म्हणाली, "छान आहे की. कुठून सुचलं?"

मी म्हटलं, हे असं सांगता येत नाही, अंतःस्फूर्ती असते.

"असते खरी," ती म्हणाली आणि का कोण जाणे, बराच वेळ हसत राहिली. मला वाटतं साबणामुळे.

६ मार्च

आज मासिकाचं रूप. भाचीने तीन नमुने आणले. एक काळाकुट्ट, त्यावर सोनेरी अक्षरं. एक लालभडक. आणि एक पांढराशुभ्र, कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं. मला तिसरा पसंत पडला. बारीक अक्षरांना एक विद्वत्ता असते.

ताई उठली आणि तिने स्वयंपाकघरातला दिवा घालवला. बाहेरच्या खोलीतला तेवढा उजेड आत येत होता. "सभागृहात बसून वाचायचंय ना? वाचा आता."

तबकडीवाल्याने पान जवळ धरलं, लांब धरलं, आणखी लांब धरलं. म्हणाला, "अक्षरं ठीक आहेत, माझा हात आखूड पडतोय."

म्हणजे अक्षरं मोठी हवीत, ठसठशीत काळी हवीत, आणि कागद मळकट सायीच्या रंगाचा, डोळ्यांवर न चमकणारा. अंधारातच मी तसा निर्णय दिला. दिवा लावता लावता ताई म्हणाली, "आणि तो वाजायला नको."

"काय वाजायला नको?"

"कागद. मागच्या रांगेत बसून माणूस पान उलटणार. पुढच्याने मागे वळून बघितलं तर तो पुन्हा मासिक आणायचा नाही."

आम्ही तिघं तिच्याकडे बघतच राहिलो. असले बारकावे एकेकदा तिला सुचतात.

८ मार्च

भाची, ताई आणि मी छापखान्यात गेलो. मालक धिप्पाड, कानामागे पेन्सिल. कुठला कागद दाखवू, विचारलं. ताई स्टुलावर बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "एकेक पान उलटा."

त्याने आमच्याकडे पाहिलं, आम्ही मान हलवली. मग तो उलटत गेला आणि ही डोळे मिटून सांगत गेली. "हा तडतडतो. हा पण. हा तर शिंकतो." गुळगुळीत, महागडे, परदेशी, सगळे नापास झाले. शेवटी तो कोपऱ्यातून एक ताव घेऊन आला. मुलांच्या चित्रकलेच्या वह्यांसाठी मागवलेला, उरलेला, सायीच्या रंगाचा. थोडा वेळ गेला.

"उलटा ना," ताई म्हणाली.

"उलटला, बाई."

ताईने डोळे उघडले. मालक म्हणाला, "लोक कागद बोटांनी चाचपतात, उजेडात धरतात. एकजण तर हुंगून बघतो. पण कागद ऐकणारं गिऱ्हाईक मी आज बघितलं." त्यानंतर आकार काय, टाचण्या कुठे, सगळं तो ताईशीच बोलत होता. मला तेवढा वेळ मोकळा मिळाला म्हणून मी त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर तपासलं. दोन चुका सापडल्या, जाताना सांगितल्या. तो फारसा खूश झालेला दिसला नाही.

१५ मार्च

मजकूर जमत आला. तबकडीवाल्याने गिऱ्हाइकांना विचारून 'माझी पहिली रेकॉर्ड' हे सदर तयार केलंय. ताई 'मला आवडेल का?' लिहिते. हंगामातला प्रत्येक कार्यक्रम घ्यायचा आणि तो कुणाला आवडेल ते तीन ओळींत सांगायचं. एक इथे उतरवून ठेवतो: 'लांबच्या प्रवासात ज्यांना खिडकीचीच जागा लागते त्यांना हे आवडेल. मध्ये दहा मिनिटं काहीच घडत नाही. घाबरू नका, ती दहा मिनिटंच नंतर आठवतात.' मी त्यात एक स्वल्पविराम घातला, म्हणजे आता ते पूर्ण झालं.

आज भाचीने विचारलं, पहिल्या पानावर नावं कशी टाकायची. याची मी वाटच बघत होतो. संपादक, मी. प्रकाशक, तबकडीवाला. मांडणी आणि मुखपृष्ठ, भाची.

"आणि आई?"

"ताईचं नाव 'विशेष आभार' मध्ये घेऊ. ठळक अक्षरात."

"चहाबद्दल का?" ताईने विचारलं.

"चहा, जागा, सगळ्याबद्दलच," मी मोठ्या मनाने म्हटलं.

ताई उठली आणि कप विसळायला लागली. कप चारच होते, पण तिला बराच वेळ लागला. भाची माझ्याकडे टक लावून बघत होती. मी शर्टावर नजर टाकली, काही सांडलेलं नव्हतं. तबकडीवाला जाताना दारात म्हणाला, "कानामात्रा, काखेत कळसा अन् गावाला वळसा." कशाबद्दल ते सांगितलं नाही. त्याला कुठेही म्हणी पेरायची सवय आहे.

असो. मन भरून आलंय. ओळ ठरली.

२३ मार्च

ताई संध्याकाळी फिरायला जाऊ लागली आहे, नेमकी बैठकीच्या वेळेला. गुडघ्यांना बरं असतं म्हणे. गुडघ्यांची तक्रार तिने याआधी कधी केली नव्हती.

बैठका होतात, पण पुढे सरकत नाहीत. भाची मुखपृष्ठासाठी चित्रं दाखवते. रंगमंच, पियानो, गाणाऱ्या बाई. मी म्हणतो, बरं आहे. तबकडीवाला म्हणतो, बरं आहे. भाची म्हणते, बरं आहे ना? आणि आम्ही उठतो. 'मला आवडेल का?' मधले शेवटचे दोन कार्यक्रम राहिलेत म्हणून मीच लिहायला घेतले. 'सदर रचना रसिकांनी आवर्जून श्रवण करावी.' तबकडीवाल्याने वाचलं आणि म्हणाला, "हे वाचून मी घरीच बसेन."

मला वाटतं चहाचा दोष आहे. हल्ली तो मी करतो.

घरात ताई नेहमीसारखी बोलते. भाजी कुठली आणू, दार ओढून घेतलंस का. पण बऱ्याच दिवसांत ती मला छोट्या म्हणालेली नाही. या वयात छोट्या म्हणवून घ्यायला मला लाज वाटायची, ते बंद झालं तर करमत नाही, असा विचित्र प्रकार आहे.

३१ मार्च

मुखपृष्ठ एकदाचं ठरलं. व्हायोलिन वाजवणारा, अगदी जवळून, डोळे मिटलेले, तारांवर गज. आधी तो पानाबाहेर बघत होता. भाचीने काहीतरी केलं आणि आता तो आत बघतो. जास्त छान दिसतं. मासिकाचं नाव, महिना, अंक पहिला, सगळं मी पुन्हा पुन्हा वाचलं. शुद्ध आहे. शेवटच्या पानावरच्या जाहिरातीत एक अनुस्वार निसटला होता, तोही पकडला.

माझे पहिले साहेब म्हणायचे, बारीक अक्षरातली चूक कुणीही पकडतो, तू मोठ्या अक्षरातली बघ, डोळा मोठ्या गोष्टीला नमस्कार करून पुढे जातो. आज त्यांची आठवण झाली. समाधानाने सगळं छापखान्यात धाडलं.

३ एप्रिल

मुखपृष्ठाचा नमुना छापून आला. आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो होतो. मी म्हटलं, पाठवून देऊ या होकार. भाची म्हणाली, आई येईपर्यंत थांबू. ताई फिरून आली. दारात चपला काढता काढता लांबूनच म्हणाली, "हा डावखुरा आहे का?"

"कोण?"

"हा व्हायोलिनवाला. गज डाव्या हातात धरलाय."

मी नमुना हातात घेऊन पाहिला. भाचीने त्याला आत बघायला लावताना अख्खं चित्र आरशातल्यासारखं फिरवलं होतं. व्हायोलिन उजव्या खांद्यावर, गज डाव्या हातात, कोटाची बटणंसुद्धा भलत्या बाजूला. आणि हा अंक ठेवायचा कुठे, तर सगळ्या वाद्यवृंदाच्या जाण्यायेण्याच्या दारात! उद्या सकाळी छपाई सुरू होणार होती. मी छापखान्यात फोन करून थांबवलं. चित्रात अक्षरं नव्हती, म्हणून मी ते बघितलंच नव्हतं.

"ताई, अगं, आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी दाखवलं? आणि विशेष आभारांना डोळे असतात का रे छोट्या?"

छोट्या म्हणाली. त्या गडबडीतही मला बरं वाटलं.

आता नवं चित्र आणायचं कुठून? योगायोगाने भाचीच्या पिशवीत एक तयार निघालं. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून काढलेलं. समोर नुसती डोकी, पाठमोरी. एक टक्कल, एक अंबाडा, बापाच्या खांद्यावर झोपलेलं एक पोर, आणि पार लांब अंगठ्याएवढा उजळलेला रंगमंच. भाची म्हणाली, दर अंकाला वेगळं सभागृह, वेगळी डोकी, पण चित्र मागच्याच रांगेतून. ताईने एकदा बघितलं. "हं. हे." झालं. इतके दिवस चाललेलं 'बरं आहे, बरं आहे' दोन शब्दांत संपलं.

भाचीला आपल्या चुकीचं काही वाटलेलं दिसलं नाही. उलट कप विसळताना गुणगुणत होती. आजकालच्या मुलांना गांभीर्य म्हणून नाही.

४ एप्रिल

सकाळी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. "नवं मुखपृष्ठ मिळालं, झकास आहे. एका ओळीत चूक वाटते, जरा संपादक बाईंना फोन द्या."

"संपादक मी आहे," मी म्हटलं.

मग म्हणाले, "तुम्ही ते तपासणारे ना? कॅलेंडरवाले?"

"कुठली ओळ?"

"पहिल्या पानावरची, साहेब. संपादक म्हणून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पडलंय."

चूक नाही, असं ठणकावून सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं, "तपासून कळवतो." आयुष्यभराची सवय.

ताई बाजारात गेली होती, तिला हे माहीत नाही. दिवसभर मी चिडून आहे. मी एका मासिकाचा संपादक, आणि त्या छापखानेवाल्याला मी कॅलेंडरवाला! जेवणही गेलं नाही.

५ एप्रिल

तपासलं.

पहिल्या पानाचा कागद समोर घेऊन बसलो. वाचायची एकच ओळ होती. ऐकणाऱ्याचं मासिक, हे मटार सोलता सोलता कोण बोललं? मागची रांग हे शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकले, साबण लावायच्या आदल्याच दिवशी? अंधार कुणी केला, कागद कुणी ऐकला, त्या तीन-तीन ओळी कुणी लिहिल्या? आणि मी काय केलं? एक स्वल्पविराम घातला आणि एक अनुस्वार पकडला. दुसऱ्याच्या मजकुरातली कुसळं काढण्यात हयात गेली, आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ छापखानेवाल्याने दाखवावं.

लाज वाटली. खूप वाटली. पण खरं लिहायचं तर नुसती लाज नव्हती, ती ओळ सुटत नव्हती. निवृत्त झालेला माणूस एका ओळीसाठी स्वयंपाकघरात बसून डोळे पुसतो, हे कुणी बघितलं नाही ते बरं. आणि ताईने एकदाही मागितली नाही ती ओळ. मागितली असती तर मी भांडलो असतो, मला सोपं गेलं असतं.

दुपारी स्वतः छापखान्यात गेलो. लाल पेनाने माझं नाव खोडलं आणि वर ताईचं पूर्ण नाव लिहिलं. 'विशेष आभार' ही ओळही काढली. मालक म्हणाले, "मला वाटलंच. मग तुमचं नाव काढायचं?" मी थोडा विचार केला. म्हटलं, सगळ्यात खाली बारीक अक्षरात टाका, मुद्रितशोधन, आणि पुढे मी. ते आहेच माझं. दोनदा तपासलं, बरोबर होतं.

निघताना मालक म्हणाले, "ते कॅलेंडर दुरुस्त करून घेतलं बरं का." इतकं हलकं वाटलं की घरापर्यंत चालत आलो. घरी कुणाला काही सांगितलेलं नाही.

५ मे

काल हंगाम सुरू झाला. अंकांचे गठ्ठे छापखान्यातून थेट सभागृहात आले. व्यवस्थापकांनी एक अंक चाळला, 'मुखपृष्ठावरचं हे टक्कल माझंच का?' असं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं आणि दाराशी टेबल मांडू दिलं, ताईच्या त्या बंद खिडकीला लागूनच. टेबलामागे ताई उभी राहिली. म्हणाली, मला सवय आहे. तिला अंक उघडायलाही फुरसत मिळाली नाही.

एक गृहस्थ बराच वेळ टेबलाभोवती घुटमळले. मग हळूच म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही हो."

"मग तुमच्यासाठीच आहे," ताई म्हणाली. "आज मध्ये दहा मिनिटं काही घडणार नाही. घाबरू नका."

ते अंक घेऊन हसत गेले. खिडकी बंद झाल्यापासून ताईचा चेहरा असा खुललेला मी बघितला नव्हता. तबकडीवाल्याने मला कोपराने ढोसलं. भाची पलीकडे खांबाला टेकून आमच्याकडे बघत होती. एवढी खूश कशाने झाली होती कोण जाणे.

दिवे मंद व्हायला लागले तसे ताई आणि मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. तिने मांडीवर अंक उघडला. मी अगदी सरळ रंगमंचाकडे बघत राहिलो. कागद वाजत नसल्यामुळे तिने पान उलटलं की नाही हे मला कळेना. शेवटी राहवलं नाही म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. पहिलंच पान होतं.

"छोट्या."

"हं."

"हे काय आहे?"

"चूक होती. दुरुस्त केली."

तिने पर्समधून रुमाल काढला, डोळ्यांना लावला, नाकाला लावला. वादक येऊन बसत होते, सगळ्यांचे गज उजव्या हातात. मग तिने पान लांब धरलं, आणखी लांब धरलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुझं नाव फार बारीक आलंय. माझा हात आखूड पडतोय. पुढच्या अंकात मोठं करायचं."

"ताई, मुद्रितशोधकाचं नाव बारीकच असतं. पद्धत आहे तशी."

"संपादक कोण आहे?"

तिने तोच रुमाल उलगडला, आधीच सोडून ठेवलेली एक गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. गोळी लिंबाची होती, तरी पहिल्यांदा जराशी खारट लागली.